मिस्टिक कॉपर थारसाठी मॅचिंग पार्ट: आधी पेंटर शोधा, दुकान नंतर

प्रश्न असा आहे की २०२१ ची सेकंडहँड थार घेतलीये, रंग मिस्टिक कॉपर, आणि तिला बॉडी कलरमधलं स्टेपनी कव्हर, आरशांची कव्हरं आणि बॉनेटवर स्कूप, म्हणजे हवा घेणाऱ्या तोंडासारखा उंचवटा, लावायचाय. दुकानात विचारलं तर पांढरा, काळा, लाल याच्यापुढे कोणी जात नाही. ऑनलाइन एकाने 'कॉपर बॉडी कलर' म्हणून स्टेपनी कव्हर पाठवलं, ते गाडीशेजारी ठेवलं तर चक्क नारिंगी दिसतंय. तर हे पार्ट मिळतील कुठे, रॅप करून, म्हणजे वरून रंगीत फिल्म चिकटवून, भागेल का, आणि आलेल्या कव्हरचं आता काय करायचं.

मी पुण्यात गाड्यांचं पेंटिंग करतो, त्यातही शेड जुळवणं हेच माझं मुख्य काम, म्हणून जरा सविस्तर सांगतो कारण असे प्रश्न फक्त थारवाल्यांना पडत नाहीत, नेक्सॉनचा एटना ऑरेंज घेतलेले, जिमनीचा कायनेटिक यलो घेतलेले, सगळे ह्याच चक्रात फिरतात. आणि सगळेजण 'ह्या रंगात पार्ट कुठे मिळेल' असंच विचारत फिरतात, तिथेच वेळ जातो. त्या रंगात पार्ट तयार मिळत नाही, तो रंगवून घ्यावा लागतो, आणि एकदा हे मान्य केलं की काम सोपं होतं, स्वस्तही पडतं.

आधी तयार का मिळत नाही ते बघू. ॲक्सेसरी बनवणाऱ्याचा साचा एकच असतो, प्लास्टिक एकच असतं, रंग तेवढा बॅचमध्ये मारतात. पांढरी, काळी, सिल्व्हर ह्या गाड्या रस्त्यावर ढिगाने आहेत म्हणून त्या रंगाची बॅच निघते आणि विकली जाते. थार २ ऑक्टोबर २०२० ला आली तेव्हा रेड रेज, नेपोली ब्लॅक, गॅलेक्सी ग्रे, ॲक्वामरीन, रॉकी बेज आणि मिस्टिक कॉपर असे सहा रंग होते. कॉपर नंतर बंद झाला, मग बंद झालेल्या रंगाची बॅच कोण काढणार? जो काढतो तो जवळपासचा तयार डब्बा उचलून मारतो आणि खाली 'बॉडी कलर' असं लिहितो. त्यात जानेवारी २०२३ ला रिअर व्हील ड्राइव्ह थारसोबत ब्लेझिंग ब्रॉन्झ नावाचा वेगळाच रंग आला, त्यामुळे विकणाऱ्यांच्यात अजून गोंधळ, ब्रॉन्झचा पार्ट कॉपर म्हणून आणि कॉपरचा ब्रॉन्झ म्हणून फिरतो. फोटो बघून ठरवू नका, मोबाइलच्या स्क्रीनवर हे दोन्ही रंग भावासारखे दिसतात.

अजून एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. कुठल्याही गाडीचा बॉडी कलरचा ओरिजिनल बंपर किंवा आरशाचा कॅप फुटला आणि तुम्ही शोरूमच्या बॉडी शॉपला गेलात तर तिथेही बहुतेक वेळा पार्ट कोराच येतो, काळं प्लास्टिक नाहीतर प्रायमर मारलेला, आणि रंग तिथलाच पेंटर मारतो. म्हणजे कंपनीच्या रस्त्याने गेलात तरी शेवटी रंगाची गन कोणाच्या हातात आहे त्यावरच सगळं. मग ॲक्सेसरीच्या बाबतीत वेगळं काय होणार?

तर दुकानात जाऊन 'कॉपर आहे का' विचारू नका. 'कोरा आहे का, प्रायमर फिनिश आहे का' असं विचारा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीवरून मागवायचं असेल तर करोल बाग, ह्या ठिकाणी कोरा पार्ट मागितला की दुकानदाराला लगेच कळतं की गिऱ्हाईक रंगवून घेणारंय, आणि मग रंगाऐवजी फिटिंगवर बोलणं होतं, जे व्हायला पाहिजे. कारण फिटिंग वाईट असेल तर जगातली सगळ्यात भारी शेड मारूनही पार्ट बाजारूच दिसणार. रंगवायच्या आधी पार्ट गाडीवर कोराच बसवून बघा, क्लिपा बसतात का, कडेला बोट जाईल एवढी फट राहते का, आरशाचं कव्हर असेल तर आरसा मिटताना घासतंय का. हे आधी केलं नाही आणि रंगवल्यावर घासायला कानस लावली तर रंगाचे पैसे गेलेच. दुकानदार परत घेतो तो कोरा पार्ट, रंगवलेला कोणीही परत घेत नाही.

मग पार्ट पलटून मागची बाजू बघा. चांगल्या पार्टवर बारीक अक्षरात प्लास्टिकची जात छापलेली असते, एबीएस किंवा पीपी, कधी पीपी पुढे अजून अक्षरं असतात. हे वाचणं फार महत्त्वाचं आहे. एबीएसवर रंग चांगला धरतो, फक्त जास्त कडक थिनर मारला तर पृष्ठभागावर बारीक तडे जातात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ह्याच्यावर रंग धरतच नाही, त्याला आधी वेगळा प्लास्टिक प्रायमर म्हणजे ॲडहीजन प्रमोटर लागतो, पातळ पारदर्शक कोट असतो तो, वेळ वाचवायला बरेच पेंटर सोडून देतात. सुरुवातीला काहीच कळत नाही, पार्ट मस्त दिसतो, आणि चार-सहा महिन्यांनी प्रेशर वॉशरखाली कडेपासून पापुद्रा सुटायला लागतो. काहीच छापलेलं नसेल तर ते फायबरही असू शकतं, आपण फायबर म्हणतो म्हणजे ग्लास फायबर आणि रेझिन, बॉनेट स्कूप आणि हार्डटॉप बऱ्याचदा ह्याचेच असतात. फायबरची अडचण वेगळी, साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण वर राहिलेलं असतं आणि बारीक छिद्रं असतात. मेण नीट काढलं नाही तर रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो, आणि छिद्रं लांबी म्हणजे पुट्टी लावून बंद केली नाहीत तर क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक कोट, मारल्यावर टाचणीने टोचल्यासारखी सगळी वर दिसतात. तुमचा स्कूप फायबरचा असेल तर त्याच्या तयारीलाच जास्त वेळ जाणार हे धरून चाला, पेंटर जास्त पैसे मागत असेल तर तो चुकीचं मागत नाहीये.

आता शेड. प्रत्येक रंगाला कंपनीचा कोड असतो. मारुतीचा सुपीरियर व्हाइट २६यू, टोयोटाचा सुपर व्हाइट ०४०, तसंच. काही गाड्यांवर हा कोड दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर असतो, काहींमध्ये इंजिनच्या बाजूला प्लेटवर. सापडला नाही तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या बॉडी शॉपला जा, त्यांना तो काढता येतो. रंगाच्या मार्केटिंगच्या नावावर जाऊ नका, पेंट मिक्सिंगवाल्याला कोडच द्या.

पण कोड दिला म्हणजे शेड जुळली असं अजिबात नाही. कोड म्हणजे फक्त सुरुवात. एकाच कोडची गाडी वेगवेगळ्या बॅचला, वेगवेगळ्या वर्षी जरा वेगळी निघते, म्हणून पेंट कंपन्या एकाच कोडचे दोन-चार व्हेरियंट ठेवतात, एक जरा लालसर, एक जरा पिवळट, एक खरबरीत दाण्याचा. शेड कार्डांची चळत असते ती गाडीला लावून त्यातला जवळचा निवडायचा असतो. चांगल्या मिक्सिंग सेंटरला आता शेड वाचायचं मशीन पण असतं, हातात धरायचं, पॅनलवर टेकवलं की वेगवेगळ्या कोनांतून रंग वाचतं, १५ अंश, ४५, ७५, ११० असे कोन, आणि फॉर्म्युला सुचवतं. मेटॅलिक रंगाला अनेक कोनांचंच मशीन पाहिजे, एका कोनातून वाचणारं मशीन पांढऱ्या-लाल साध्या रंगाला चालेल, कॉपरला नाही.

मशीन टेकवायच्या आधी पॅनल साफ पाहिजे, आणि साफ म्हणजे फडकं मारून नव्हे. ज्या जागेवर वाचायचंय ती जागा कंपाउंडने हलकी पॉलिश करून घ्या, उन्हाने आलेला मळकटपणा निघाला की खाली खरा रंग दिसतो. पॉलिश न करता वाचलं तर मशीन मळ धरून फॉर्म्युला देतं, मग तुम्ही पुढच्या महिन्यात गाडी पॉलिश केली की गाडी वेगळी आणि पार्ट वेगळा.

आणि कुठल्या पॅनलवर वाचायचं? हा मुद्दा सेकंडहँड गाडीला सगळ्यात मोठा. पार्ट ज्या पॅनलच्या शेजारी बसणार त्याच पॅनलवर वाचा. स्टेपनी कव्हर असेल तर मागच्या टेलगेटवर, स्कूप असेल तर बॉनेटवर. पेट्रोल-डिझेलच्या झाकणावरून शेड घ्यायची सवय बऱ्याच लोकांना आहे, झाकण काढून नेता येतं म्हणून, पण झाकण एका बाजूला, बॉनेट वरून सगळं ऊन खाणारं, दोघांत फरक पडतोच. त्यात आधीच्या मालकाने बॉनेट एकदा रंगवून घेतलेला असेल तर तुम्ही ओरिजिनल कोडला कितीही घट्ट धरून बसा, स्कूप त्या बॉनेटशी जुळणार नाही. पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन मिळतं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १२० मायक्रॉनच्या आसपास असतो, एखाद्या पॅनलवर २०० च्या वर आकडा आला की तो पुन्हा रंगवलेला समजा. तुमच्या गाडीवर हे एकदा फिरवून घ्या, शेड कुठे जुळवायची ते तिथेच ठरेल.

इथपर्यंत बहुतेक पेंटर नीट करतात. खरी गडबड पुढे आहे. कॉपरसारख्या रंगात दाणा असतो, ॲल्युमिनियमचा आणि पर्लचा. समोरून बघितलं की दाणा उजेड परत फेकतो म्हणून रंग उजळ, बाजूने बघितलं की गडद. आम्ही ह्याला फेस टोन आणि साइड टोन म्हणतो. हा दाणा रंगात कसा आडवा पडतो त्यावर शेड बदलते, आणि तो कसा पडतो हे गन मारणाऱ्यावर आहे. ओला, जड कोट मारला तर दाणा खाली बुडतो, समोरून रंग गडद दिसतो. हवा जास्त, गन लांब, कोट सुका, तर दाणा वरच राहतो, रंग उजळ आणि जरा खरबरीत. म्हणजे तोच डब्बा, तोच फॉर्म्युला, दोन पेंटर, दोन शेड. कंपनीत हा रंग रोबोट मारतो, फिरत्या घंटेसारख्या गनने, विजेचा चार्ज देऊन, तसा दाणा हाताने पाडायचा म्हणजे हात बसलेला पाहिजे. कंपनीतूनच कित्येक मेटॅलिक गाड्यांचा बंपर आणि फेंडर किंचित वेगळा निघतो, कारण प्लास्टिकला लोखंडाइतकी भट्टी देता येत नाही, त्याचा रंग वेगळा, प्रोसेस वेगळी. मग आपण आफ्टरमार्केट कव्हरकडून शंभर टक्के मागू नये, पण दोन हातांवरून फरक दिसायला नको एवढं मात्र हक्काने मागावं.

म्हणून पेंटरकडे गेल्यावर एकच गोष्ट ठामपणे सांगा, पार्टवर मारायच्या आधी टेस्ट कार्ड मारून दाखव. कार्ड म्हणजे पोस्टकार्डएवढा पत्रा किंवा जाड कार्ड, त्याच्यावर जी गन, जे प्रेशर, जेवढे कोट पार्टवर मारणार तेवढेच मारायचे, आणि वरून क्लिअर पण मारायचं, क्लिअरशिवाय बेस कोट, म्हणजे खालचा रंगाचा थर, फिकट आणि मेलेला दिसतो त्यावरून काही ठरवता येत नाही. जो पेंटर कार्ड मारायला कंटाळतो त्याच्याकडे मेटॅलिक काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. कॉपर शेडमध्ये अजून एक, ह्यातले बरेच टिंटर, म्हणजे शेड बनवायला मिसळतात ते मूळ रंग, पारदर्शक असतात, खालचा रंग वर डोकावतो. पांढऱ्या प्रायमरवर मारलं तर एक शेड, करड्यावर वेगळी, काळ्या प्लास्टिकवर तिसरीच. कार्डाखाली जो प्रायमर तोच पार्टखाली. जिमनीच्या पिवळ्याला, लाल गाड्यांना हेच लागू.

कार्ड बघायचं कुठे? गॅरेजच्या छपराखाली ट्यूबलाइटमध्ये तर नक्कीच नको. ट्यूबलाइटखाली दोन रंग सेम दिसतात आणि बाहेर उन्हात वेगळे निघतात, उलटही होतं, वेगवेगळ्या टिंटरने बनवलेल्या शेडमध्ये हे हमखास. आपल्याकडे बायका साडी घेऊन ब्लाऊज पीस दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतात, तेवढी काळजी गाडीला पण घ्या. सकाळी दहा-अकराच्या उजेडात, एकदा उन्हात एकदा सावलीत, कार्ड पॅनलला टेकवून. आणि कार्ड त्याच कोनात धरा ज्या कोनात पार्ट बसणार आहे, स्टेपनी कव्हर उभं असतं तर कार्ड उभं, स्कूप आडवा तर कार्ड आडवं. समोरून बघा, मग गाडीच्या कोपऱ्याकडे चालत जाऊन तिरकं बघा. समोरून जुळतंय आणि तिरकं जुळत नाहीये असं झालं तर पेंटरला तसंच सांगा, 'साइड टोन गडद आहे' म्हणा, त्याला कुठला टिंटर कमी-जास्त करायचा ते कळतं. नुसतं 'जमत नाहीये' म्हटलं की तो अंदाजाने काहीतरी टाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पार्ट घ्यायच्या आधी सांगतो. दरवाजा ठोकला आणि रंगवला की पेंटर शेजारच्या फेंडरवर थोडा रंग हलका हलका विरवत नेतो, त्याला ब्लेंडिंग म्हणतात, म्हणून थोडा फरक असला तरी डोळ्याला कळत नाही. ॲक्सेसरीला ब्लेंडिंग नाही. तो सुटा पार्ट आहे, त्याची कड जिथे संपते तिथे तुमच्या गाडीचा रंग सुरू होतो, फरक असेल तर त्या रेषेवर उघडा पडतो. म्हणून पार्ट निवडतानाच असा निवडा की ज्याच्या आणि बॉडीच्या मध्ये काहीतरी आहे, फट आहे, काळा रबर आहे, किंवा पार्ट वेगळ्या पातळीवर आहे.

ह्या हिशोबाने तुमचे तिन्ही पार्ट बघा. स्टेपनी कव्हर एकदम सोपं, ते टेलगेटपासून सुटं, टायरच्या जाडीएवढं बाहेर, मध्ये काळा टायर दिसतोय, आणि वरून गोल वळण असल्यामुळे त्याचा उजेड तसाही वेगळाच पडतो. इथे थोडा फरक कोणालाच दिसणार नाही. पूर्ण कॉपर करण्यापेक्षा बाहेरची कडी काळी ठेवून मधली चकती कॉपर करा किंवा उलट, अजून छान दिसतं आणि जुळण्याचा ताण पण कमी. आरशांची कव्हरं पण चालतील, आरसा दरवाज्यापासून लांब आहे, खाली काळा पाय आहे. स्कूप मात्र अवघड. तो बॉनेटच्या मधोमध, त्याच पातळीवर, चारी बाजूंनी कॉपरने वेढलेला, वरून सरळ ऊन. अनुभवी पेंटरलाही तिथे घाम फुटतो. माझं स्पष्ट मत, स्कूप मॅट ब्लॅक करा. थारवर काळं आधीच भरपूर आहे, बंपर काळा, चाकांवरचं क्लॅडिंग काळं, वर टॉप काळा, त्यात काळा स्कूप कंपनीचाच वाटतो. कॉपरच पाहिजे असेल तर स्कूपच्या कडेने बारीक काळं रबर बीडिंग लावून घ्या, नजर तिथे तुटते.

आणि चाकांवरचं ते काळं क्लॅडिंग बॉडी कलर करायचा विचार डोक्यात येईल, इंटरनेटवर फोटो भारी दिसतात. नका करू. ते दाणेदार प्लास्टिक खडी आणि चिखल खायलाच ठेवलेलं आहे, रंगवायचं तर आधी घासून गुळगुळीत करावं लागतं, आणि एकदा घासलं की तो दाणेदारपणा परत येत नाही. पहिल्या घाटात, पहिल्या कच्च्या रस्त्यावर दगड लागून टवके उडणार आणि खालून काळं डोकावणार.

रॅपचं विचारलंय. छोट्या पार्टला रॅप चालतो, पण 'मॅचिंग'साठी नाही. थ्रीएम, एव्हरी डेनिसन, ओराकल ह्यांच्या फिल्म ठरावीक रंगांत येतात, तुमच्या गाडीच्या शेडला त्यात जोड मिळेल ह्याची शक्यता कमी, आणि कॉपरसारख्या दिसणाऱ्या फिल्म बाजूने बघितल्या की लगेच वेगळ्या पडतात. रॅप काळ्यासाठी वापरा, सॅटिन ब्लॅक किंवा ग्लॉस ब्लॅक, तिथे फार सुंदर काम होतं आणि नको वाटलं तर निघतो पण. घेताना कास्ट फिल्म घ्या, स्वस्तातली कॅलेंडर फिल्म गोल वळणावर ताणून बसवली की उन्हात आकसते आणि कडेने उघडते, आरशासारख्या आकारावर तर नक्कीच. अख्खी गाडी वेगळ्या रंगात रॅप करायचा विचार असेल तर आरसी बुकावर गाडीचा रंग लिहिलेला असतो हे लक्षात ठेवा, तो विषय आरटीओचा आहे. आरसे आणि स्टेपनी कव्हरने काही होत नाही, फक्त कव्हर बसवल्यावर मागची नंबर प्लेट आणि लाइट झाकले जात नाहीत ना ते बघा.

ॲक्सेसरीवाला ह्याच्यासोबत मॅचिंग बुल बार गळ्यात मारायचा प्रयत्न करेल, थारवाल्यांना तर नक्की. तो घेऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलंय की क्रॅश गार्ड, बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत, कारवाई करा. दंडाचं सोडा, पुढून धडक बसली तर गाडीने धक्का ज्या पद्धतीने शोषायचा असतो, एअरबॅगच्या सेन्सरला तो ज्या क्रमाने कळायचा असतो, ते सगळं बिघडतं, आणि समोर चालणाऱ्या माणसाला लागतं ते वेगळंच. रंग कितीही जुळला तरी गाडीला तो नको.

पेंट झाल्यावर घाई करू नका. पेंट बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, साधारण ६० अंशाला अर्धा तास भट्टी दिली तरी रंगातलं थिनर पूर्ण उडायला अजून दिवस लागतात. दुहेरी टेपने चिकटवायचा पार्ट असेल तर आठवडाभर तरी थांबा, टेपखाली थिनर अडकलं की टेप सुटते नाहीतर रंग घेऊन सुटते. चिकटवायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, साबण-पॉलिशचा अंश राहिला तर कुठलीच टेप धरत नाही, आणि पहिले तीन दिवस गाडी धुऊ नका, ॲक्रिलिक फोम टेपची पूर्ण पकड बसायला साधारण ७२ तास लागतात. स्टेपनी कव्हर टेपवर कधीच नाही, त्याला बोल्ट किंवा क्लॅम्पच पाहिजे, हायवेला उडालं तर मागच्याच्या काचेवर जाणार.

पावसाळ्यात हे काम काढायचं असेल तर बंद बूथ असलेल्याकडेच द्या. हवेत ओल असली की कंप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी येतं, क्लिअर पांढुरकं पडतं, पुढे फोड येतात. उघड्या छपराखाली काम करणारा पेंटर कितीही हुशार असला तरी जुलैमध्ये त्याच्या हातात काही नसतं. दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले.

एक छोटी गोष्ट जी पुढे फार उपयोगी पडते. शेड जुळली की पेंटरकडून फॉर्म्युला लिहून घ्या, टिंटरचे नंबर आणि ग्रॅम, आणि उरलेला बेस कोट थिनर-हार्डनर काही न घालता काचेच्या छोट्या बाटलीत गच्च बंद करून घरी ठेवा. एवढ्या पार्टना रंग फार लागत नाही, आरशांच्या जोडीला शंभर-दीडशे मिली बेस पुरतो, मिक्सिंगवाला त्याहून कमी सहसा बनवत नाही, म्हणून थोडं उरतंच. बंद झालेल्या रंगाच्या गाडीला उद्या ओरखडा आला, दरवाज्याचा कोपरा घासला, की हीच बाटली आणि हाच कागद कामाला येतो. ते टेस्ट कार्ड पण सांभाळून ठेवा, पाठीमागे तारीख आणि कुठल्या पॅनलला जुळवलंय ते लिहा.

आता राहिलं ते आलेलं नारिंगी कव्हर. परत पाठवायची मुदत असेल तर परत करा आणि कोरं घ्या, तो सगळ्यात सोपा मार्ग. मुदत संपली असेल तरी ते फेकू नका, आकार आणि फिटिंग चांगलं असेल तर ते तुमच्यासाठी कोराच पार्ट आहे. फक्त वरचा रंग कसला आहे ते तपासा. आतल्या बाजूला कोपऱ्यात थिनरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट धरा. रंग विरघळून फडक्याला आला तर तो साधा स्प्रेचा वन-के, म्हणजे हार्डनर नसलेला, रंग आहे, त्याच्यावर नवीन टू-के, म्हणजे हार्डनर घातलेलं, क्लिअर मारलं तर खालचा रंग उठून सुरकुत्या येतात, म्हणून तो सगळा घासून काढायलाच लागेल, थिनरने धुऊन नाही कारण खाली एबीएस असेल तर त्याला तडे जातील. फडक्याला काही आलं नाही तर रंग पक्का आहे, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून, सिलिकॉन आणि पॉलिशचा अंश ग्रीस रिमूव्हरने काढून, वरून प्रायमर आणि मग टेलगेटवर वाचलेली तुमची शेड.